पायाखालचा पत्रा

पत्र्याला पुन्हा भोक पडलं.

निळसर उजेड क्षणभर थरथरला, ठिणग्या उडाल्या, आणि जिथे दोन पत्रे एकमेकांना चिकटायला हवे होते तिथे वाटाण्याएवढं लाल कडांचं भोक उरलं. छोटीने काळ्या काचेचं हेल्मेट कपाळावर ढकललं, भोकाकडे पाहिलं, आणि शाळेच्या व्हॅनमध्ये अकरा वर्षांत एकदाही तोंडातून न निघालेली एक शिवी हासडली.

"किती झाली?" शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या नवऱ्याने विचारलं.

"मोजायची नाहीत असं ठरलंय ना?"

"बरं, नाही मोजत." त्याने आधीचा एक तुकडा काठीने जवळ ओढला. "चाळणी म्हणून खपून जाईल."

तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखीच राग आला. तिने तो तुकडा बाजूला फेकला, दुसरा घेतला, त्याच्या कडा घासून लखलखीत केल्या आणि हेल्मेट पुन्हा खाली ओढलं.

घरात ती सगळ्यांत धाकटी, म्हणून एकोणचाळिसाव्या वर्षीही छोटीच. शरीराने चांगली दणकट होती. सकाळ-संध्याकाळ शाळेची व्हॅन चालवायची, चौदा मुलांना एका नजरेत गप्प करायची. पण माहेरच्या गॅरेजात पाऊल टाकलं की छोटी.

नवऱ्याचा ट्रक दोन वर्षं घरामागच्या शेडमध्ये उभा होता. वळणावर झाडावर आदळला, क्रेनने आणून सोडला, तो तसाच. केबिनचा उजवा कोपरा आत गेलेला, दाराचं खालचं अंग गंजून झडलेलं, पायदान एका बोल्टवर लोंबकळत होतं. इंजिन मात्र ठणठणीत होतं. दर महिन्याला ती ते चालू करायची आणि दहा मिनिटं नुसती ऐकत उभी राहायची. त्या अपघातात नवऱ्याचा उजवा पाय घोट्यापाशी चिरडला होता. पाय वाचला, पण पेडल दाबण्याचं बळ त्यात उरलं नाही. आता तो वजनकाट्यावर बसून दुसऱ्यांच्या ट्रकांची वजनं लिहायचा.

अपघात कसा झाला याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. ब्रेक दाबला पण लागला नाही, असं तो पहिल्या दिवशी म्हणाला होता. मग छोटीच्या दादाने, ज्याचं बॉडीकामाचं गॅरेज होतं, स्वतः ब्रेक तपासले. ते चोख निघाले. मग उरलं काय? डोळा लागला असणार. महिन्याभरात नवऱ्याला नवीन नाव पडलं, डुलकीराव. आधी ट्रकवाले म्हणायचे, मग चहावाला, मग पोरंसोरंसुद्धा. सुरुवातीला त्याने दोन-तीनदा नकाराची मान हलवली. पुढे तेही सोडलं.

एकदा छोटीनेही विचारलं होतं, "खरं सांगा, डोळा लागला होता का?" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला होता, "असेल." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

मग यंदा तिने अवजड वाहनाचा परवाना काढला आणि थेट गॅरेज गाठलं.

"ट्रक मी चालवणार आहे. केबिन करून दे."

दादा एका मोटारीखाली पालथा होता. तो बाहेर आला, हात पुसत तिच्याकडे बघत राहिला. "अगं, त्या गाडीत काय राहिलंय? भंगारवाल्याला सांगतो, उद्या घेऊन जाईल."

"इंजिन आहे, चासी आहे. फक्त पत्रा नाही."

"तो कोण लावणार? मला दोन महिने मान वर करायला फुरसत नाही."

"मग मी लावते."

गॅरेजातली दोन माणसं हसली. दादाही हसला, पण तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला.

"त्या गाडीला हात लावायचा नाही."

बाबा भिंतीपाशी स्टुलावर बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी पत्रे ठोकले होते. ट्रकवाले त्यांना उस्ताद म्हणायचे आणि लांबलांबून गाड्या आणायचे. गेली काही वर्षं डोळे गेले म्हणून काम सुटलं होतं. समोरचा माणूस त्यांना सावलीसारखा दिसायचा, पण बोटाच्या पेराने पत्रा ठोकून तो नवा की जुना हे ते अजून सांगायचे. पुरातून काढलेली गाडी, जळालेली गाडी, दोरखंड लावून दरीतून ओढलेली गाडी, यातली एकही त्यांनी दारातून परत पाठवली नव्हती. आणि लेकीच्या ट्रकला मात्र हात लावायचा नाही.

"का नाही लावायचा?" छोटीने विचारलं.

"मी सांगतो म्हणून."

ती बारा वर्षांची असताना त्यांनी तिच्या हातातली हातोडी काढून घेतली होती. हे तुझं काम नव्हे, म्हणाले होते. आवाज तेव्हाही असाच होता. छोटीने व्हॅनची किल्ली उचलली. परत जाताना तिने वाटेत व्हॅन थांबवली आणि लोखंडी गेट बनवणाऱ्या म्हाताऱ्याच्या दुकानात शिरली. उंचीने जेमतेम पाच फूट, म्हणून त्याला सगळे पहाड म्हणायचे. मला वेल्डिंग शिकवा, ती म्हणाली.

पहाडने कशाला, का, काही विचारलं नाही. पहिल्या रविवारी तिच्या हातात जुन्या गेटची सळई दिली. सहाव्या रविवारी पातळ पत्रा दिला.

"गेट जाड असतं, तुझ्या चुका पोटात घालतं," तो म्हणाला. "पत्रा नाही घालणार. एक टाका मार आणि हात काढ. दुसरा तिथून वीतभर लांब. सलग ओढायला गेलीस की पत्रा तापतो, वाकतो, भोक पडतं. सगळं जुळेपर्यंत धीर धरायचा. तुला राग फार येतो का?"

"येतो."

"मग भोकं पडतील."

भोकं पडली. पत्रा फुगला, वाकला, एकदा तर पूर्ण पट्टी उलटी चिकटली. हातांवर ठिणग्यांचे डाग उमटले, नवऱ्याच्या जुन्या पूर्ण बाह्यांच्या सदऱ्याची चाळण झाली. व्हॅनमधल्या मुलांनी विचारलं, तुमच्या हाताला काय झालं? ती म्हणाली, मी लोखंड शिवते. तीन आठवड्यांनी दाराचं खालचं अंग बसलं. दिसायला ते भयंकर होतं, टाक्यांची रांग वेड्यावाकड्या दातांसारखी. मग पायदान. ते लागल्यावर तिने त्यावर उभं राहून उडी मारली, पुन्हा मारली, आणि शेवटी नवऱ्यालाही काठीसकट वर चढवून दोघांच्या वजनाने हलवून पाहिलं. हललं नाही.

"हं," तो म्हणाला. एवढंच म्हणाला, पण संध्याकाळभर त्याने शीळ घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा एकटेच आले. भिंतीला हात लावत शेडपर्यंत पोचले, दारात थांबून जळक्या रंगाचा वास घेतला.

"कुठवर आलीस?"

"बाहेरचं झालं. आता तळ. ड्रायव्हरच्या पायाखालचा."

बाबांचा हात दाराच्या चौकटीवर थांबला. "तळ राहू दे. तो मी टाकलाय नवा. सहा वर्षं पण झाली नाहीत."

"फाटलाय तो, बाबा."

"अपघातात फाटला. वरून एक पट्टी मार आणि सोड."

"पट्टी? तुमच्या गॅरेजात कुणी पट्टी मारली तर तुम्ही त्याला दिवसभर बाहेर उभं करायचात."

"जमणार नाहीये तुला ते." त्यांचा आवाज चढला. "दारं-पायदानं वेगळी. तळ कापलास तर केबिन खचेल. मी सांगतोय ना, उघडू नकोस."

छोटीने हातमोजे काढले. "उद्या ही गाडी मी चालवणार. पाय माझा असणार तिथे, तुमचा नाही. मी उघडणार."

ते आणखी काही बोलतील म्हणून ती थांबली. बाबा वळले आणि आले तसे भिंतीला हात लावत गेले. ती सोडायला गेली नाही.

सकाळी मुलांना शाळेत सोडून ती परत आली, बॅटरीच्या तारा काढल्या, सीट काढली, रबरी चटई ओढून टाकली आणि कटरचं चाक तळावर टेकवलं. लोखंड कापताना उठतो तो करकरीत आवाज आलाच नाही. चाक लोण्यात शिरावं तसं शिरलं. ठिणगी नाही, नुसता पांढरा धुरळा आणि जळक्या प्लास्टिकसारखा गोडसर वास. तिने कटर बंद केला.

डांबरी थराखाली पुट्टी होती, रंग देण्याआधी खाचा बुजवतात ती. दोन बोटं जाड पुट्टी. तिच्याखाली कापडाचे तुकडे, आणि त्याखाली तेलाच्या डब्याचा कापून सपाट केलेला पातळ पत्रा. त्यावरची निम्मी अक्षरं अजून वाचता येत होती. वेल्डिंगचा एकही टाका नव्हता. तिने कड धरून दाबली. बिस्किटासारखी मोडली.

बराच वेळ ती तो तुकडा हातात घेऊन उकिडवी बसली. मग ब्रेकच्या पेडलसमोर, अजून न कापलेल्या भागावर टाच टेकवून तिने पाय पुढे रेटला, जसा जीव मुठीत धरून ब्रेक दाबताना माणूस रेटेल. टाचेखालून काहीतरी कुरकुरलं, आणि पाय सरळ खाली गेला. पेडल वरच राहिलं.

दुपारी नवरा वजनकाट्यावरून आला तेव्हा तिने तो डब्याचा पत्रा जेवणाच्या टेबलावर ठेवला होता.

"हा कुठे होता, माहीत आहे?"

तो वाकून बुटाची नाडी सोडत होता. वर न बघता म्हणाला, "माहीत आहे."

छोटीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"टाच खाली गेली," तो म्हणाला. "ब्रेक अर्ध्यातच सुटला. पुन्हा पाय उचलायला गेलो तर अडकलेला. हॉस्पिटलात मोजा कापला तेव्हा आतून पांढरा चुरा पडला. नर्स म्हणाली, हे काय हो, आधीच प्लास्टर घातलं होतं का?"

"मग बोलला का नाहीत?"

"पहिल्या दिवशी बोललो की. मग बाबा येऊन बसले. तीन दिवस उशाशी. पाणी पाजायला जायचे तर पेला माझ्या कानाजवळ धरायचे. तेव्हा मला कळलं की यांना किती कमी दिसतं, आणि तळ टाकला तेव्हाही दिसत नसणार. मग कुणाला काय सांगायचं? चाळीस वर्षांचं नाव त्या माणसाचं."

"आणि तुमचं नाव?"

"ड्रायव्हरला कसलं नाव?"

"डुलकीराव," छोटी म्हणाली. "माझ्या व्हॅनमध्ये पोरं म्हणतात. मी आरशात बघत ऐकून घेते." तिने डब्याचा पत्रा त्याच्याकडे सरकवला. "मी पण विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही 'असेल' म्हणालात. मलासुद्धा."

त्याने बूट काढून कडेला सारखा करून ठेवला. "तुझे बाबा आहेत ते."

"माझे आहेत म्हणूनच," ती म्हणाली आणि उठली.

त्या दुपारी ती गॅरेजात गेली नाही. तिने पुठ्ठा घेतला, तळाचा नमुना कापला, पत्र्यावर खडूने उतरवला. कुजका भाग पार चांगल्या लोखंडापर्यंत कापून काढला. रागाने भोकं पडतील असं तिला वाटलं होतं, पण हात कधी नव्हता इतका स्थिर होता. एक टाका मारायचा, हात काढायचा, वीतभर लांब जायचं. चार दिवस लागले. दोनच भोकं पडली, तीही भरली गेली. खाली आडवं पडून तिने उलट्या बाजूनेही टाके मारले, वितळलेला एक थेंब कॉलरमधून आत गेला तरी हात हलू दिला नाही. मग सीट परत बसवली आणि दादाला फोन केला.

"रविवारी बाबांना घेऊन ये. तळ दाखवायचाय."

"अगं, त्यांना काय दिसणार आहे?"

"घेऊन ये."

रविवारी ते दोघं आले. दादा शेडभर फिरला, दाराखालच्या टाक्यांकडे बघून त्याच्या ओठांवर हसू आलं, पण दार उघडून-मिटून पाहिल्यावर ते गेलं. नवरा नेहमीच्या खुर्चीत होता. छोटीने बाबांचा हात धरून त्यांना पायदानावर चढवलं. त्यांनी वाकून तळावर तळहात फिरवला, मग अंगठ्याच्या नखाने एकेक टाका चाचपला.

"इथे जास्त तापवलंस."

"हो."

"इथे भोक पडलं होतं. भरलंस."

"हो. खालूनही मारलंय. हात घालून बघा."

त्यांनी हात घातला नाही.

"बसा, बाबा," ती म्हणाली. "सीटवर बसा. आता टाच तळावर टेकवा आणि ब्रेक दाबा."

"छोटे," नवरा खुर्चीतून उठला. "राहू दे."

"राहू नाही द्यायचं."

बाबांनी ब्रेक दाबला.

"जोरात. समोर वळण आहे, गाडीत पाच टन माल आहे. तसा दाबा."

"हे काय चाललंय?" दादा म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाला—"

बाबांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि होता नव्हता तेवढा जोर टाचेवर घातला. मानेच्या शिरा ताणल्या. तळाने हूं की चूं केलं नाही. त्यांनी पाय काढला नाही. तसेच दाबून बसले, आणि समोरच्या काच नसलेल्या चौकटीतून बघत बोलले, ते कुणाला उद्देशून बोलले हे पटकन कळलं नाही.

"त्याला झोप लागली नव्हती."

दादा पायदानाशी येऊन उभा राहिला.

"खाली पत्रा नव्हता. पुट्टी होती. मी भरली होती. वेल्डिंगचा थेंब कुठे पडतोय ते मला दिसायचं बंद झालं होतं, आणि कुणाला सांगायची लाज वाटायची."

"बाबा, काय बोलताय?" दादाचा चेहरा उतरला. "ब्रेक तर मी स्वतः—"

"ब्रेक चांगलेच होते. पायाखाली काय आहे ते तू बघितलं नाहीस. मी बघू दिलं नाही."

दादा नवऱ्याकडे वळला. दोन वर्षांत गॅरेजात डुलकीरावची सगळ्यांत मोठी थट्टा दादानेच केली होती. "भावोजी, माझं चुकलं," तो म्हणाला. नवऱ्याने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मला नको सांगूस," तो म्हणाला. मग थोडं थांबून, जणू स्वतःलाच नवल वाटत असल्यासारखा, म्हणाला, "चहावाल्याला सांग. आणि ट्रकवाल्यांना. तुझ्याच तोंडाने सांग."

बाबा खाली उतरले. उतरताना छोटीने हात पुढे केला, तो त्यांनी घेतला, पण जमिनीवर पाय टेकताच सोडला.

"खडू दे."

तिने दिला. ते ट्रकच्या कडेने चालू लागले. बोटाच्या पेराने ठोकायचे, कान लावायचे, पुढे जायचे. डाव्या दाराच्या खांबापाशी थांबून त्यांनी फुली मारली. मागच्या खिडकीखाली एक. चाकाच्या वरच्या कमानीवर एक मोठी, आणि तिच्याशेजारी आणखी एक.

"हे सगळं काढ," ते म्हणाले. "पट्ट्या मारू नकोस."

"नाही मारणार."

छोटीने हातमोजे चढवले आणि पहिल्या फुलीवर कटर टेकवला. पांढरा धुरळा उठला, तोच गोडसर वास. शेजारी उभे असलेले बाबा बाजूला झाले नाहीत. धुरळा त्यांच्या पांढऱ्या केसांवर बसत राहिला. मग ते वळले आणि दादाच्या दिशेने हात पसरला.

"फोन दे तुझा."

"कशाला?"

"त्या वर्षी हीच एक गाडी नव्हती केली. काम सोडायच्या आधीच्या आठ महिन्यांत अशाच आणखी सहा केल्या. नंबर तुझ्याकडे आहेत."

"बाबा, गॅरेजचं नाव जाईल. उद्यापासून कोण येईल आपल्याकडे? मी एकेकाला हळूच बोलावून घेतो ना, तपासणीच्या निमित्ताने..."

"लाव म्हणतो ना. दुधाच्या टँकरवाल्याला आधी. तो घाटात असतो."

दादा जागचा हलला नाही. त्याने आधी छोटीकडे, मग नवऱ्याकडे पाहिलं. कुणीच त्याच्या मदतीला आलं नाही. शेवटी त्याने नंबर लावला आणि फोन बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो कानाला लावला, घसा साफ केला.

"मी उस्ताद बोलतोय... हो, हो, बरा आहे... ऐक, गाडी चालवतोयस का आत्ता?"

छोटीने कटर बंद केला, त्यांना पलीकडचं नीट ऐकू यावं म्हणून.

"मग आधी बाजूला घे," बाबा म्हणाले. "हळूच घे. थांबलास की सांगतो."